तिसऱ्या घमेल्याचा पाचवा दिवस

विमल,

आज सतरा दिवस झाले. मला अजून नीट रडता आलेलं नाही. राग इतका आहे की रडायला जागाच उरत नाही. तोंडी भांडायला तू नाहीस म्हणून लिहायला बसले आहे. दुसऱ्या कोणाशी भांडण्यात मला तशीही कधी चव आली नाही.

पहिला राग तुझ्यावरच. तीन दिवस अंगात ताप घेऊन तू सातिवलीच्या गोदामांमागे फिरत होतीस आणि मला फोनवर सांगत होतीस, "साधा ताप आहे, बाय. उन्हाचा." चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून तू खूश. अगं, ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं, हे वाक्य तू आजवर किती दारांत म्हटलंस? माझ्याच सोसायटीत, एव्हरशाईन सिटीत, बायकांना उभं करून बोट नाचवत सांगितलं होतंस, "ताप गेला म्हणून कामाला लागू नका. पानी पीत पडून राहा. पोटात दुखलं तर घरातले उपाय नकोत, तडक दवाखाना." स्वतःच्या पोटात दुखलं तेव्हा मात्र ओव्याची चिमूट तोंडात टाकलीस आणि भांडी घासायला बसलीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अनंतभाऊंनी तुला रिक्षात घातलं तोवर उशीर झाला होता. नवऱ्याला एवढं तरी सांगून ठेवायचं होतंस, की मी नको म्हणेन पण तू माझं ऐकू नकोस.

दुसरा राग ऑफिसवर. आपली एजन्सी डासांचं काम करते, आणि तिथली एक बाई डेंग्यूने गेली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. खाली बसता बसता साहेब म्हणाले, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय." आणि दोघंतिघं हसले. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर एक टिपण आलं. त्यात लिहिलंय की मृत कर्मचारी स्वतःच्या राहत्या घरी डासांच्या अळ्या पाळत होती, तिच्या आजाराचं कारण त्यातच असण्याची शक्यता आहे, आणि एजन्सीच्या कामाशी त्याचा संबंध नाही. खाली माझ्या सहीची जागा. "पर्यवेक्षक म्हणून तुम्हाला माहीत असेलच, मॅडम. येत्या सोमवारी नको, पुढच्या सोमवारी द्या. घाई नाही."

तो सोमवार उद्या आहे.

तू गेल्यावर तुझ्यावर हे टाकणं किती सोपं आहे बघ. कोणत्या पाण्यातला कोणता डास तुला चावला, हे कोणालाच कधी कळणार नाही. हीच सगळ्यांची सोय आहे. तू दिवसाला पन्नास ठिकाणी वाकायचीस. लिफ्टचे खड्डे, गच्चीवरची पिंपं, गोदामामागचे टायर, सेक्रेटरीच्या लाडक्या कुंड्या. यातलं कोणतंही पाणी असेल. पण कागदावर लिहायला त्यांना तुझंच अंगण सापडलं.

आणि तुझ्या अंगणातली गोष्ट त्यांना सांगितली कोणी? मीच. चहा पिताना, गंमत म्हणून. "आमची विमल कोंबड्या पाळायच्या सोडून अळ्या पाळते." सगळे हसले होते, आणि मला बरं वाटलं होतं. तू तेव्हा बाहेर पायरीवर बसून पायातला काटा काढत होतीस.

तिसरा राग कोणावर ते आता तुला कळलं असेल.

मी कराडहून आले तेव्हा माझ्याकडे जीवशास्त्राची पदवी होती आणि गटाराजवळ उभं राहायची हिंमत नव्हती. तुला माझ्याबरोबर पाठवलं होतं. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी म्हणालीस, "ताई नको लावू. वय वाढतं." मी पाणी साचलेल्या एका डब्याशी जाऊन डोकावले आणि म्हटलं, इथे काही नाही. तू मला दंडाला धरून मागे ओढलंस. "तुझी सावली पडली पान्यावर. सावली पडली की सगळ्या बुडी मारतात. उन्हाकडं तोंड करून ये." मग आपण दोघी उन्हाकडे तोंड करून उकिडव्या बसलो. जरा वेळाने एकेक अळी शेपटीवर लटकत वर आली. पुस्तकात ते चित्र मी शंभरदा पाहिलं होतं. पण सावली पडू द्यायची नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसली असतीस.

ऑफिसात ज्याला डिपर म्हणतात त्याला तू मरेपर्यंत पळीच म्हणालीस. पांढरी, लांब दांड्याची, एका बाजूला टवका उडालेली. दहा पळ्या पाणी काढायचं, अळ्या मोजायच्या, आकडा सांगायचा. मी लिहायचे आणि खाली सही करायचे. चौदा वर्षं आपला संसार असा चालला.

भांडणाचं कारणही एकच. ते जिवाणूचं औषध किती दिवस टिकतं?

औषधावर तुझा राग नव्हता. उलट तुझा त्याच्यावर फार जीव. लोक घाबरायचे तेव्हा तू सांगायचीस, "हे विष न्हाय. जिवानू आहे. अळी ते खाते आनि तिचं पोट फुटतं. माशाला काय होत नाय, कुत्र्याला नाय, तुम्हालाबी नाय." तुझं म्हणणं एवढंच होतं, की अळीने खायचं तर ते पाण्यात वर तरंगतं राहायला हवं. गढूळ पाण्यात ते गाळाला चिकटतं आणि तळाशी बसतं. उन्हात त्याचा जीव जातो. म्हणजे विहिरीच्या सावलीतल्या पाण्याचा हिशेब वेगळा आणि सातिवलीच्या त्या कारखान्यामागच्या उघड्या हौदाचा वेगळा. पण आपल्या भिंतीवरच्या तक्त्यात दोन्हीपुढे एकच लिहिलेलं. पंधरा दिवस. आज फवारलं की पुन्हा पंधरवड्याने.

"आनि अळीचा डास व्हायला किती दिवस?" तू विचारायचीस.

"आठ. फार तर दहा."

"मग औषध पाचव्या दिवशी मेलं, सहाव्याला अंडं फुटलं, तर चौदाव्याला डास उडाला. पंधराव्याला तू येनार पंप घेऊन. कोनाला मारायला?"

मी म्हणायचे, पण आपली तपासणी बघ ना. प्रत्येक वेळी शून्य. आणि यावर तू जे म्हणालीस ते ऐकून मला तुझा इतका राग आला होता, की दोन दिवस मी बोलले नव्हते. सोमवारी फवारणी, मंगळवारी तपासणी, असा आपला नियम. गाडी त्याच भागात असते, माणसं तिथेच असतात, सोयीचं पडतं. तू म्हणालीस, "नांगरल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन तन दिसत नाय म्हनायचं. हे तुमचं शिक्षन."

चौदा वर्षं आपण मंगळवारी तपासलं आणि चौदा वर्षं मी शून्याखाली सही केली. एखाद्या शुक्रवारी, एखाद्या शनिवारी जाऊन बघावं, असं एकाही शिकलेल्या माणसाला वाटलं नाही. वाटलं ते तुला. आणि तुला तर तक्ताही धड वाचायचा कंटाळा.

म्हणून वैशाखात तू घरामागे, केळींच्या कडेला, तीन घमेली मांडलीस. पहिलं विहिरीच्या पाण्याचं, सावलीत. दुसरं त्याच पाण्याचं, उन्हात. तिसऱ्यात सातिवलीच्या हौदातलं पाणी, दोन कॅन भरून आणलेलं, तेही उन्हात. तिन्हींवर जुन्या पातळाचा दुहेरी कपडा, भोवती घट्ट सुतळी, म्हणजे आतला एकही डास बाहेर जायला नको. औषध मापाने टाकलेलं. दर दिवशी नव्या अळ्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. मेल्या तर औषध जागं आहे. जगल्या तर संपलं. आणि पाहून झालं की जगलेल्यांवर उकळतं पाणी. हे सगळं तू केळ्यांचा हिशेब ठेवायच्या वहीत मागच्या पानावर लिहीत होतीस. पुस्तकं वाचून परीक्षा दिल्या मी, आणि प्रयोग केलास तू.

सावलीतल्या घमेल्यात बाराव्या दिवसापर्यंत अळ्या मरत होत्या. मी म्हटलं, बघ. उन्हातल्यात सातव्या दिवशीच जगल्या. तू म्हणालीस, आता तू बघ. तिसरं तू मागाहून मांडलंस, कारण हौदाचं पाणी आणायला गाडीत जागा मिळत नव्हती. त्याच्यावर आपली पैज लागली. मी म्हटलं दहा दिवस तरी टिकेल. तू म्हणालीस पाच नाही काढायचं. तू हरलीस तर मला घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. मी हरले तर महिनाभर तुझी पिशवी मी उचलायची. ती खाकी पिशवी, पळी, ट्रे, बाटल्या, औषधाचा डबा. खांद्याला वळ उठवणारी. "मॅडम पिशवी घेऊन माझ्यामागनं चालनार," म्हणत तू किती हसली होतीस.

चौथ्या दिवशी सकाळी मी केळफूल न्यायला तुझ्याकडे आले. अनंतभाऊ बाजारात गेले होते. तू मला मागे नेऊन कपडा सोडून दाखवलास. अळ्या मेल्या नव्हत्या, पण धड हलतही नव्हत्या. सुस्त पडल्या होत्या. तू म्हणालीस, "आज अर्धमेल्या झाल्यात. उद्या एकबी नाय मरनार."

आणि मला घाम फुटला. त्याच आठवड्यात वरून तपासणीला माणसं यायची होती, हे खरं. तुला मी तेच कारण सांगितलं. कर्मचाऱ्याच्या घरी अळ्या सापडल्या तर तुझं काम जाईल, माझंही जाईल, असं म्हटलं. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. पाचव्या दिवशी त्या अळ्या जगल्या असत्या तर चौदा वर्षांच्या माझ्या सह्यांचं काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता ओत."

तू चुलीवर पाणी ठेवलंस. मग एवढंच म्हणालीस, "बाय, एक दिवस थांब. उद्या पाचवा दिवस."

मी थांबले नाही. तिन्ही घमेल्यांत उकळतं पाणी ओतेपर्यंत मी तिथे उभी राहिले, केळफूल हातात धरून. ती रिकामी करून तू पालथी घातलीस. त्यानंतर तू औषधाचा विषय काढला नाहीस. मला वाटलं, पटलं तुला. आता कळतंय की तुला माझी कीव आली होती, आणि त्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो. भांडायचं होतंस. तू कधी कोणापुढे हार मानली नव्हतीस, मग माझ्यापुढे का मानलीस?

दहाव्याला मी तुमच्या गावी, होळीला आले होते. सगळं आटोपल्यावर अनंतभाऊंनी मला मागे बोलावलं. आजूबाजूच्या घरांवर दिवाळीचे कंदील अजून लटकत होते, तुझ्या घरावर नव्हता. घमेली तिथेच पालथी होती. त्यांनी प्रत्येकावर एकेक जांभा दगड ठेवला होता.

"ताई, एक विचारू? रागवू नका," ते म्हणाले. "ऑफिसातला मानूस येऊन विचारून गेला घमेल्यांचं. शेजारचे पन बोलतात. तिनंच पाळलेल्यांनी खाल्लं काय तिला?"

बघ, विमल, काय करून ठेवलं त्यांनी. आणि मी. ज्या माणसाने तुला उचलून रिक्षात घातलं, तो आता दगड ठेवतोय घमेल्यांवर. मला उत्तर माहीत होतं. वैशाखात ओतलेल्या पाण्यातला डास दिवाळीपर्यंत जगत नाही, डास महिनाभर जगला तरी खूप. आणि मुळात एकही डास त्या कपड्यातून बाहेर पडला नव्हता. दोन वाक्यं होती. पण त्यांच्यामागून तिसरं आलं असतं, की ओतायला कोणी लावलं आणि का. मी म्हटलं, "नाही हो भाऊ, तसं नसतं काही," आणि चहा प्यायले. त्यांना ते पटलं नाही. मग मी तुझी पळी मागितली. त्यांनी आतून अख्खी पिशवीच आणून दिली. वर वही ठेवलेली. "यात काय लिहिलंय ते मला कळत नाय. तुम्ही बघा."

तिसऱ्या घमेल्यापुढे तू पाच घरं आखली होतीस. चार भरलेली. पाचवं कोरं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सातिवलीला फवारणीची पाळी होती. मी स्वतः गेले. हौदात औषध माझ्यासमोर पडलं, मापाने, चुकारपणा न करता. मंगळवारी नेहमीची तपासणी. शून्य. पोरांनी आकडा सांगितला, मी लिहिला. मग बुधवारी एकटी गेले. कारखान्यातला वॉचमन म्हणाला, "मॅडम, कल तो हो गया ना?" मी म्हटलं, झालं, पण माझं काहीतरी राहिलंय. दहा पळ्या काढल्या. काही नाही. गुरुवारी काही नाही. तुला सांगते, गुरुवारी मला आनंद झाला. हरावंसं मला तेव्हाही वाटत नव्हतं. तू मेलीस तरी मला जिंकायचं होतं, अशी मी. शुक्रवारी दोन बारीक अळ्या दिसल्या, मलूल.

शनिवारी दुपारी हौदावर सरळ ऊन पडलं होतं. मी उन्हाकडे तोंड करून बसले. सावली मागे पडली. पहिल्याच पळीत दिसल्या. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या, दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या, पण वळवळ अशी की पळीचं पाणी हलत होतं. दहा पळ्यांत मी मोजून दमले. त्यांतली एकही मरणार नव्हती. पुढच्या फवारणीला नऊ दिवस होते. तेवढे दिवस त्यांना पुरे होते.

किती वर्षं, विमल? किती पंधरवडे आपण त्या हौदातून डास उडू दिले आणि मंगळवारच्या शून्याखाली सही करून चहाला गेलो? तो वॉचमन तिथेच झोपतो. मागच्या चाळीत पोरंबाळं आहेत. आणि तू स्वतः दर पंधरवड्याला तिथे वाकत होतीस. मी हौदाच्या कठड्यावर बसून तुझ्या नावाने इतकी ओरडले, की वॉचमन धावत आला. त्याला वाटलं साप चावला.

काल संध्याकाळी मी ते टिपण फाडलं आणि दुसरं लिहिलं. सगळं लिहिलंय. घमेली, दुहेरी कपडा, उकळतं पाणी, वैशाख महिना. हौदाचे पाच दिवस. तपासणी दुसऱ्याच दिवशी होते हे. चौदा वर्षांच्या सह्या माझ्या आहेत हे. आणि वर, अगदी पहिलं वाक्य, जे लिहायला मला तीन तास लागले: ती घमेली मी ओतायला लावली, कारण त्यांतलं उत्तर मला नको होतं. साहेब काय करतील ते करोत. काढून टाकलं तर काढून टाकोत. मला त्यांची भीती वाटत नाही असं नाही, पण तुझा राग त्याहून मोठा आहे.

आज सकाळी होळीला जाऊन अनंतभाऊंना ते वाचून दाखवलं. पहिल्या वाक्यापाशी ते थांबा म्हणाले. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे तिनं पाळलेल्यांनी नाय."

"नाही, भाऊ."

"आनि तिचं बरोबर होतं."

"होतं."

"मग तुम्ही तिला त्या दिवशी सांगायचं होतं," ते म्हणाले. एवढंच. मग उठून मागे गेले आणि घमेल्यांवरचे तीन दगड एकेक करून उचलून बांधावर ठेवले. मला थांबा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी ओट्यावर बसून तुझी वही उघडली आणि कोऱ्या घरात लिहिलं. पाचवा दिवस. जिवंत.

माझं अक्षर तुझ्यापेक्षा वाईट आहे, हेही आज कळलं.

उद्यापासून तुझी पिशवी मी उचलणार आहे. आता समोर दाराशी ठेवली आहे. पळी आत आहे, बाटल्या पुसून ठेवल्यात. वळ उठेल, मला माहीत आहे. महिनाभर ठरलं होतं आपलं. पण महिना झाला, ठेव आता खाली, असं म्हणायला तू नाहीस. दुसऱ्या कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.